माळ्यावर कुणी पाहिलंच नाही

चित्रपटाच्या सुरुवातीलाच क्लेअर हॅरिसन मारली जाते, आणि चित्रपट संपला तरी ती कुणाला सापडलेली नसते. १९७४ सालच्या 'ब्लॅक ख्रिसमस'मधली ही एक गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या मनातून गेलेली नाही. ख्रिसमसच्या सुट्टीला घरी जायचं म्हणून क्लेअर बॅग भरत असते. कपड्यांच्या कपाटात लपलेला कुणीतरी प्लॅस्टिकचं आवरण तिच्या तोंडावर आवळतो आणि नंतर तिला पोटमाळ्यावर नेऊन खिडकीजवळच्या डुलत्या खुर्चीत बसवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तिचे वडील ठरल्या जागी येऊन थंडीत ताटकळतात. मैत्रिणी पोलिसांत जातात. रात्री बागेत टॉर्च घेऊन माणसं शोधत फिरतात. आणि क्लेअर त्याच घरात, सगळ्यांच्या डोक्यावर. वर डोकावते ती फक्त एकच बाई, तीही आपली मांजर शोधायला, आणि ती परत खाली येत नाही. तिलाही मग कुणी वर शोधत नाही.

पुढे मी मूळ चित्रपटाचा आणि त्याच्या दोन्ही रिमेकचा शेवट सांगणार आहे. त्याशिवाय मला जे म्हणायचं आहे ते म्हणताच येणार नाही.

'ब्लॅक ख्रिसमस' हा कॅनडाचा चित्रपट. दिग्दर्शक बॉब क्लार्क, पटकथा रॉय मूर यांची, चित्रीकरण टोरांटोत. गोष्ट एका सोरॉरिटी हाउसमधली, म्हणजे कॉलेजातल्या मुली मिळून राहतात अशा मोठ्या जुन्या घरातली. सुट्टी लागलेली, निम्म्या मुली घरी गेलेल्या, उरलेल्या जाण्याच्या तयारीत. घरात एक माणूस शिरलाय, तो माळ्यावर राहतोय आणि खालच्या फोनवर घाणेरडं बोलतोय. सणाच्या दिवशी घडणाऱ्या खुनांचे चित्रपट पुढे अमेरिकेत रग्गड निघाले. ज्याच्यामुळे ती लाट आली असं मानलं जातं तो 'हॅलोवीन' १९७८ चा, म्हणजे याच्यानंतर चार वर्षांनी. पण नंतरच्या पुष्कळ चित्रपटांनी इथून खुनी उचलला, सुरा उचलला, आणि घर तिथेच सोडून दिलं.

गेल्या डिसेंबरात भाची सुट्टीला माझ्याकडे होती. तिला २०१९ चा रिमेक बघायचा होता. तो संपल्यावर २००६ चा बघितला, आणि मग मीच हट्टानं मूळ चित्रपट लावला. उलट्या क्रमानं बघितल्यामुळे एक गोष्ट स्वच्छ दिसली. दोन्ही रिमेकना खुनी कोण आणि तो असा का झाला हे सांगायची घाई आहे. क्लार्कच्या चित्रपटात आपल्याला त्याचं नीट तोंडसुद्धा दिसत नाही. दिसतो तो दाराच्या फटीतला एक डोळा, बस्स. त्याचं नाव बहुधा बिली, तेही त्याच्याच बडबडीतून कळतं. त्याच बडबडीत येणारी ॲग्नेस कोण, त्या दोघांनी काय केलं, कुणापासून लपवलं, याचा काही उलगडा नाही.

हे साधलं कसं, तेही सांगण्याजोगं आहे. खुन्याच्या नजरेतून दिसणारी दृश्यं कॅमेरामन बर्ट डंक यांनी कॅमेरा स्वतःच्या अंगावर बांधून घेतली. चालताना-धावतानाही कॅमेरा हलू न देणारा स्टेडीकॅम अजून चित्रपटांत आलेला नव्हता. भिंतीवरच्या वेलींच्या जाळीवरून चढून माळ्याच्या खिडकीतून आत शिरायचं ते दृश्य डंक यांनी तसंच चढून टिपलं, म्हणून ते हलतं, धापा टाकतं. कार्ल झिटरर यांनी पियानोच्या तारांना काटे, सुऱ्या, कंगवे बांधून संगीत केलं, त्यामुळे सूर लागतो न लागतो तोच वाकडा होतो. फोनवरचा आवाजही एकाचा नाही. निक मॅन्कुसो, स्वतः क्लार्क आणि आणखी काहीजण मिळून तो झालेला. मॅन्कुसो तर डोक्यावर उभं राहून बोलायचे, छाती दाबली जाऊन आवाज चिरकावा म्हणून. पहिला फोन येतो तेव्हा घरातल्या सगळ्या मुली रिसीव्हरभोवती गोळा होऊन ऐकतात, आणि त्या एका तोंडातून बाई, बाळ, म्हातारा, जनावर असे आवाज एकामागून एक बाहेर पडतात. त्या दृश्यात कुणी मरत नाही, पण मला सगळ्यात जास्त भीती तिथे वाटते.

त्यापेक्षाही जास्त वेळ मी पोलीस चौकीच्या प्रसंगात अडकते. क्लेअर हरवल्याची तक्रार घेऊन तिचे वडील आणि दोन मैत्रिणी, बार्ब आणि फिल, चौकीत जातात. सार्जंट नॅश टेबलामागे बसलाय. तो वाईट माणूस नाही, आळशीही म्हणता येणार नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की कॉलेजातली मुलगी गायब झाली म्हणजे ती कुठेतरी मित्राबरोबर असणार. हे तो तिच्या वडिलांसमोर म्हणतो आणि विषय संपवतो. मग जेस ही आणखी एक मैत्रीण क्लेअरच्या मित्राला, ख्रिसला, गाठते. ख्रिस चौकीत येऊन आरडाओरडा करतो आणि तेव्हा कुठे लेफ्टनंट फुलर लक्ष घालतात. तेच म्हणणं एका तरुणानं चढ्या आवाजात मांडल्यावर ते खरं ठरलं. क्लार्कनं यावर एक शब्दही खर्च केलेला नाही. कॅमेरा नॅशच्या चेहऱ्यावर रेंगाळत नाही, कुणी भाषण देत नाही. आपलं आपल्याला कळतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात राहत होते. ऑफिसबाहेर स्टुलावर काळा फोन होता, त्याच्या डायलला छोटं पितळी कुलूप. आलेला फोन घ्यायचा, करायचा असेल तर बाईंकडून किल्ली आणायची आणि वहीत नाव, नंबर, वेळ लिहायची. एका पावसाळ्यात रात्रीच्या जेवणानंतर ब्लँक कॉल यायला लागले. उचलला की पलीकडे नुसता श्वास. मग खालच्या आवाजात एखादं वाक्य, तेही कधी कधी आमच्यातल्या एखादीचं नाव घेऊन. माझी रूममेट रिसीव्हर उचलायची आणि कानाला न लावता हातभर लांब धरून थांबायची. आवाज ओळखीचा निघाला तरच कानाला. फोन घ्यायला एकटीनं खाली जायचं नाही असं आम्ही आपसात ठरवलं, ते कुणाला सांगावंही लागलं नाही. बाईंकडे गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमच्यातल्याच कुणीतरी नंबर दिला असेल ना गं?" आणि दुसरा, "नावं कशी माहिती त्याला?" पंधरवड्यानंतर एकीचा मोठा भाऊ साताऱ्याहून भेटायला आला. त्यानं ऑफिसात उभं राहून आवाज चढवला आणि दुसऱ्या दिवशी तक्रारीचा अर्ज गेला. भाऊ भला माणूस होता, त्याचे आम्ही आभार मानले. पण तोच अर्ज आम्ही तिघींनी सही करून आधीच दिलेला होता. नॅशचा प्रसंग बघताना तो कागद मला अजून दिसतो, बाईंच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवलेला.

चित्रपटात पोलीस शेवटी फोन ट्रेस करायला घेतात. आजच्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागतो. भाचीला वाटलं, नंबर दिसेलच की. जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्सचेंजमध्ये डायलवर फिरवलेल्या एकेका आकड्यागणिक एकेक स्विच सरकायचा आणि अशी साखळी जुळत जुळत कॉल लागायचा. कॉल कुठून आला हे शोधायचं तर ज्या घरी फोन वाजतोय तिथून उलटं जायचं, एका स्विचवरून मागच्या स्विचवर, तो कुठल्या रांगेत आहे बघत. आणि हे सगळं कॉल चालू असेतोवरच. पलीकडच्यानं फोन ठेवला की स्विच सुटतात, माग पुसला जातो. म्हणून एक्सचेंजचा माणूस त्या खडखडणाऱ्या रॅकच्या लांब गल्ल्यांमधून धावतोय आणि इकडे जेसला त्या आवाजाला बोलतं ठेवायचंय. ज्या आवाजानं तिची झोप उडवली त्याच्याशीच तिनं जास्तीत जास्त वेळ बोलायचं. फुलर तिला तसंच सांगून गेलेत. एका बाजूला लोखंडी स्विचांची ती सबंध यंत्रणा, दुसऱ्या बाजूला रिसीव्हर घट्ट धरलेला एक हात. शेवटी पत्ता मिळतो तो त्याच घराचा. घरात दुसरी लाइन आहे आणि फोन तिथूनच येतोय.

त्यानंतर जेस जे करते त्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघते. नॅश तिला फोन करून सांगतो, काही विचारू नकोस, समोरच्या दारातून सरळ बाहेर पड. दार चार पावलांवर आहे. पण बार्ब आणि फिल वर झोपल्यात. जेस त्यांना हाका मारते, उत्तर येत नाही, आणि ती शेगडीजवळची लोखंडी सळई उचलून जिना चढायला लागते. भयपटातली मुलगी मूर्खासारखी वरच जाते, हा पुढे टिंगलीचा विषय झाला. इथे ती मूर्खपणानं जात नाही. आपल्या माणसांना वर ठेवून आपण बाहेर पडायचं नाही, एवढ्यासाठी जाते. त्या रात्री त्या घरातल्या मुलींसाठी जीव धोक्यात घालून वर जाणारी ती एकटीच आहे.

जेसच्या वाट्याला आणखीही काही आहे. तिला दिवस गेलेत आणि तिला मूल नकोय. हे ती पीटरला, तिच्या मित्राला, शांतपणे सांगते. तो पियानो शिकतोय, त्याची परीक्षा बिघडते, तो पियानो फोडतो, लग्न कर म्हणतो, धमकावतो. ती बधत नाही. तिला शिकायचंय, तिनं स्वतःसाठी काही ठरवलेलं आहे. ज्या देशात हे चित्रित झालं त्या कॅनडात तेव्हा १९६९ चा कायदा होता. इस्पितळातल्या डॉक्टरांच्या समितीनं मान्यता दिली तरच गर्भपात कायदेशीर. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला १९८८ मध्ये. आपल्याकडचा कायदा १९७१ चा, आणि तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या पडद्यावर अशी नायिका मला दिसली नाही, जी हे ठरवते, रडत नाही, माफी मागत नाही आणि त्याची शिक्षा म्हणून मरतही नाही. ऑलिव्हिया हसी यांनी जेसचं काम किती संयमानं केलंय! त्या २०२४ च्या डिसेंबरात गेल्या, ख्रिसमसनंतर दोनच दिवसांनी.

बाकीच्या मुलीही अशाच हाडामासाच्या. बार्ब दारू पिते, वाटेल ते बोलते, नॅशला फोन नंबर सांगताना एक अश्लील शब्द नंबराच्या सुरुवातीला येणारं एक्सचेंजचं नाव म्हणून खपवते आणि तो भाबडेपणानं लिहून घेतो. पण सुरुवातीलाच ती फोनवर आईशी बोलत असते, आणि आपल्या आईला ख्रिसमसला आपण घरी नको आहोत हे तिला त्याच फोनवर कळतं. मार्गो किडर यांनी बार्बचा सगळा आरडाओरडा त्या एका फोनवर तोललाय. तिचा खून होतो तेव्हा खाली दारात लहान मुलं ख्रिसमसची गाणी म्हणत असतात आणि जेस दार उघडून ऐकत उभी असते. वर खुन्याच्या हातात काचेचा युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडा, खाली बर्फात उभी मुलं. सण तिथे नुसता सजावटीपुरता नाही. सणाच्या आवाजामुळेच वरचा आवाज ऐकू येत नाही.

या चित्रपटाशी जोडलेली एक खरी घटनाही आहे. १९७८ च्या जानेवारीत तो अमेरिकेत टीव्हीवर दाखवायचं ठरलं होतं, 'स्ट्रेंजर इन द हाउस' या नावानं. त्याच महिन्यात फ्लोरिडात टालाहासीला ची ओमेगा या सोरॉरिटीच्या घरात अनेक मुलींचे खून करणारा टेड बंडी रात्री शिरला आणि त्यानं झोपेतल्या दोन मुलींना ठार मारलं. त्या भागातल्या केंद्रांना मग त्याऐवजी दुसरा चित्रपट दाखवायची मुभा देण्यात आली. हे कळल्यापासून बिलीला चेहरा नाही ही मला नुसती दिग्दर्शकाची युक्ती वाटत नाही. असा माणूस घरात शिरतो तेव्हा आतल्या मुलींना त्याचं बालपण ठाऊक नसतं.

२००६ चा रिमेक ग्लेन मॉर्गन यांचा. त्यांनी नेमकं ते बालपण सांगितलं. बिली जन्मतः यकृताच्या आजारानं पिवळा, आईला नकोसा, माळ्यावर कोंडलेला. आईनं बापाला मारलेलं. ॲग्नेस म्हणजे कोण, तेही सगळं खुलासेवार. मग ख्रिसमसला केलेला खून, वेड्यांचं इस्पितळ, टोक काढलेली साखरेची कांडी, उपटलेले डोळे. माळा आहे, भिंतींच्या पोकळीतल्या वाटा आहेत, कॅमेरा सतत तिकडेच. खाली ज्या मुली मरतात त्यांची नावंसुद्धा चित्रपट संपेपर्यंत माझ्या लक्षात राहिली नाहीत, आणि यात त्या नट्यांचा दोष नाही. चित्रपटाला त्यांच्याबद्दल काही विचारायचंच नव्हतं. मोबाइलवर मेलेल्या मैत्रिणीच्या नंबरवरून फोन येतो ही कल्पना मात्र चांगली आहे, तिच्यावर थांबायला हवं होतं. क्लार्क स्वतः या रिमेकचे कार्यकारी निर्माते होते. तो प्रदर्शित झाल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल २००७ मध्ये, एका दारुड्या चालकानं त्यांच्या गाडीला धडक दिली आणि ते आणि त्यांचा मुलगा दोघंही गेले.

त्या रिमेकमध्ये एक चेहरा बघून मात्र मला बरं वाटलं. मूळ चित्रपटात फिल झालेल्या अँड्रिया मार्टिन इथे घराची काळजी घेणाऱ्या बाई झाल्यात. बत्तीस वर्षांनी तीच मुलगी त्याच घरात मोठी झाल्यासारखी. तिला काहीतरी आठवतंय, ती वर बघते, असा एखादा क्षण तिला द्यायचा होता. तिच्या वाट्याला आलं ते बर्फाच्या सुळक्यानं मरण.

२०१९ चा रिमेक सोफिया टकाल यांचा, पटकथा त्यांची आणि एप्रिल वुल्फ यांची. त्यांना मुलींमध्ये खराखुरा रस आहे हे पहिल्या दृश्यापासून दिसतं. रात्री एकटी चाललेली मुलगी, मागून येणारा पुरुष, फोनवर येणारे मेसेज. नायिका रायलीवर एका मुलानं बलात्कार केलाय आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवलेला नाही. ख्रिसमसच्या कार्यक्रमात ती आणि मैत्रिणी, कॉलेजातले मुलगे मिळून राहतात अशा घरात, त्यांच्यासमोर, ख्रिसमसच्या गाण्याच्या चालीवर तेच गाऊन दाखवतात. गाताना रायली आधी अडखळते आणि मग तिचा आवाज लागतो, ते दृश्य कुठल्याही मोठ्या चित्रपटात शोभावं. रायली झालेल्या इमोजेन पूट्स तिथे कमालीच्या आहेत. पण त्यानंतर कळतं की कॉलेजच्या संस्थापकाच्या पुतळ्यातून काळा द्रव पाझरतो आणि तो त्या मुलांच्या अंगात शिरून त्यांना खुनी करतो.

यावर आमचं दोघींचं रात्री उशिरापर्यंत वाजलं. माझं म्हणणं, पुतळ्यानं सगळ्यांची सुटका केली. काळ्या द्रवामुळे माणूस वाईट वागत असेल तर द्रव जाळला की प्रश्न मिटला, आणि चित्रपटात खरंच आग लावून तो मिटतो. सार्जंट नॅशच्या अंगात काहीही शिरलेलं नव्हतं. तो नेहमीसारखा कामावर आला होता, त्यानं ऐकून घेतलं नाही, आणि त्याच रात्री तो दुसऱ्याही कुणाचं तितपतच ऐकून घेईल. त्याला कसं जाळणार?

भाची हे मान्य करते, पण तेवढ्यावर थांबत नाही. "मावशी, जुन्यात शेवटी काय आहे ते बघ ना," ती म्हणाली. जेसनं तळघरात पीटरला मारलेलं असतं. तोच खुनी होता असं पोलिसांनी ठरवलेलं असतं. तिला औषध देऊन झोपवलेलं असतं. क्लेअरचे वडील भोवळ येऊन पडतात म्हणून त्यांना घेऊन सगळे निघून जातात, आणि बाहेर एका पोलिसाच्या भरवशावर ती त्या घरात एकटी. फोन वाजायला लागतो आणि श्रेयनामावली संपेपर्यंत वाजत राहतो. तुझ्या आवडत्या चित्रपटानं तिला एकटीला सोडलं, भाचीचं म्हणणं. २०१९ च्या चित्रपटात रायलीला आणायला तिच्या मैत्रिणी त्या मुलांच्या घरात घुसतात आणि शेवटी सगळ्या मिळून बाहेर उभ्या असतात. तिच्या हॉस्टेलवर आजही रात्री उशिरा येणारीसाठी कुणीतरी जागं राहतं, ग्रुपवर "पोचले" आल्याशिवाय दिवा मालवत नाहीत. तिला तेच पडद्यावर बघायचंय, आणि मला त्यात काहीही चूक दिसत नाही.

तिसरा रिमेक निघाला तर तो त्या शेवटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हावा, यावर मात्र आमचं एकमत झालं. मिस्टर हॅरिसन इस्पितळात जागे होतील आणि पुन्हा विचारतील, माझी मुलगी कुठे आहे? पोलिसांनी प्रकरण बंद केलेलं असेल. खुनी अजून वरच असेल. कुणीतरी त्या घरात परत जाऊन शिडी लावायला हवी. माझ्या मते वडिलांनी. भाचीच्या मते जेसनं, कारण ती आधीही जिना चढून वर गेली होती.